नभोवाणीवरचीं घरचीं माणसें

मुंबई आकाशवाणीवर ‘प्रपंच’ व पुढें ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका लागत असे, त्या काळांत पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी या मंडळींची विचारपूस कित्येक घरांतून सख्ख्या नातलगांइतक्याच अगत्यानें होई. पंत म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, हें घरांतील सुशिक्षितांस ठाऊक होतें. पण आमच्या आजीला तें सांगून कांहीं उपयोग नव्हता. भावजींचा आवाज जरा बसलेला वाटला कीं ती सुनेला म्हणे, “या माणसाला त्यांच्या घरीं कोणी आल्याचा काढा देत नाहीं का ग?” आम्ही मुलें यावर खूप हंसत असूं.

हंसण्यासारखें त्यांत फारसें नव्हतें, हें आतां वाटतें. ज्याचें तोंड आपण जन्मांत पाहिलें नाहीं, ज्याला आपलें नांवहि ठाऊक नाहीं, अशा माणसाच्या घशाची काळजी एखाद्या वृद्धेला वाटावी, ही साधी गोष्ट नव्हे. ही किमया केवळ यंत्राची म्हणावी, तर तेंच यंत्र दुसऱ्या वक्त्याच्या तोंडीं दिल्याबरोबर घरांतील मंडळी उठून आपापल्या कामाला लागत. व्यासपीठावर गाजलेले किती तरी वक्ते ध्वनिक्षेपकापुढें फिके पडले ते याच कारणानें. श्रोता हजारोंच्या सभेंत बसलेला आहे असें समजून ते बोलत. वास्तविक तो चुलीपाशीं, माजघरांत किंवा अंथरुणावर पडून, बहुधा एकटाच ऐकत असतो.

हें मर्म ज्यांना साधलें त्यांत अमीन सयानी यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. १९५२ च्या डिसेंबरांत रेडिओ सिलोनवरून त्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांवर पत्रें आलीं, अशी आठवण ते सांगत असत. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी ‘रहबर’ नांवाचें पाक्षिक नव्यानें वाचावयास शिकलेल्या प्रौढांसाठीं सोप्या हिंदुस्थानींत चालवीत. लहानपणीं त्या कामांत मुलाचा हातभार असे. सोपें बोलण्याची तालीम ही अशी घरांतच झाली. त्यांच्या सुप्रसिद्ध संबोधनांत भगिनींना बंधूंच्या आधीं स्थान होतें, आणि दुपारीं हातांतलें काम बाजूला न ठेवतां नभोवाणी ऐकणाऱ्या बायकांना ही गोष्ट न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. २०२४ सालीं सयानी निवर्तले, तेव्हां अनेक घरांत वडील माणूस गेल्यासारखी हळहळ झाली.

तथापि कोलंबोहून येणारा आवाज कितीहि गोड असला, तरी आपल्या गांवची विहीर आटली आहे हें त्याला कोठून कळावें? त्यासाठीं निवेदक गांवचाच हवा. तशी सोय आपल्या देशांत फार उशिरां झाली. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. त्या पीठावर न्यायमूर्ति पी. बी. सावंत होते. शिक्षणसंस्थांना सामुदायिक केंद्राची मुभा २००२ मध्यें व स्वयंसेवी संस्थांना २००६ मध्यें मिळाली. पुढें १५ ऑक्टोबर २००८ रोजीं तेलंगणांतील माचनूर या खेड्यांत ‘संघम् रेडिओ’ सुरू झाला, त्याचें उद्घाटन सावंत यांच्याच हस्तें झालें.

तें केंद्र चालविणाऱ्या मुख्य दोघीहि नरसम्मा नांवाच्याच, दलित शेतकरी घरांतल्या. परवाना मिळण्यापूर्वीं कित्येक वर्षें त्या ध्वनिमुद्रण शिकून बसल्या होत्या. केलेल्या ध्वनिफिती बायकांच्या संघमांच्या बैठकींत वाजवून दाखवीत. प्रक्षेपणाची वेळ त्यांनीं सायंकाळीं सात ते नऊ अशी ठेवली, कारण शेतावरून आलेली बाई त्याच सुमारास थोडी टेकते. बियाणें कसें राखावें, ज्वारीबाजरीसारख्या धान्यांचें काय करावें, कोणत्या दुखण्याला काय द्यावें, हें सर्व तेथल्याच तेलुगू बोलींत. आपल्याकडे सातारा जिल्ह्यांत म्हसवडचें ‘माणदेशी तरंग’ हें केंद्रहि २००८ सालचेंच.

अशा केंद्रांची शक्ति बेतांचीच असते. सामान्यतः शंभर वॅटची मर्यादा आणि दहापंधरा किलोमीटरांचा टापू. स्वतःच्या बातम्या देण्यास त्यांना मनाई असून आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवितां येतात. ही मनाई आम्हांस अनाठायीं वाटते, पण तो विषय निराळा. टापू लहान असल्याचा लाभ मात्र मोठा आहे: निवेदिकेची आणि श्रोत्याची गांठ आठवड्याच्या बाजारांत पडते. काल चुकीचें बोललें तर आज भाजी घेतां घेतां कोणी तरी तें तोंडावर सांगतें.

आमच्या एका चुलत काकू त्याच बाजूच्या एका गांवीं राहतात. काका गेल्यावर त्यांचें बोलणें जवळजवळ थांबलें होतें. गेल्या वर्षीं आम्ही गेलों तेव्हां स्वयंपाकघरांत कोणाशीं तरी त्यांच्या गप्पा चाललेल्या ऐकूं आल्या. पाहतों तों फळीवर नभोवाणी, आणि काकू भाजी निवडतां निवडतां तींतल्या मुलीला उत्तरें देत आहेत! चुलतबंधु निवृत्त शिक्षक. त्यांना तें केंद्र मुळींच सोसत नव्हतें. “पाण्याला ‘पानी’ म्हणते, ‘ण’ तर हिच्या गांवींच नाहीं. आई, निदान पुणें केंद्र तरी लाव,” असें ते पुनःपुन्हा म्हणत. सत्य सांगावयाचें तर आमच्याहि कानाला ती भाषा प्रथम खटकली. आमच्यासारख्या घरांत शुद्ध बोलण्याचा अभिमान लहानपणापासून अंगीं मुरलेला असतो.

काकूंनीं मान वर केली नाहीं. “असूं दे रे तिचा ‘न’. ती रोज विचारते, ‘जेवलीस का ग आये?’ म्हणून. तूं विचारतोस का?”

बंधु निरुत्तर होऊन पडवींत गेले. इतक्यांत त्या मुलीनें जात्यावरची एक ओवी गावयास घेतली, आणि पुढचा चरण आठवेना म्हणून हंसत हंसत तिनें श्रोत्यांनाच विचारलें, कोणाला येत असेल तर केंद्राला कळवा. काकूंनीं भाजीची टोपली बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि पडवीकडे तोंड करून हांक मारली, “अरे, तो तुझा फोन आण इकडे. आणि नंबर तूंच लाव, मला दिसत नाहीं.”

बंधूंनीं नंबर लावून दिला.