पाण्याखालचं प्रगतिपुस्तक

दोस्तांनो, समजा, सुट्टीत तुम्ही अंदमानला गेलात. स्कूबाच्या केंद्रावर ऐटीत सांगितलंत, "काका, मी मालवणला बुडी मारलीय!" काका हसून विचारतील, "छान! पण कार्ड कुठंय? आणि लॉगबुक?"

झाली ना पंचाईत! प्रशिक्षक हाताला धरून समुद्राचा तळ दाखवतो, ती नुसती चव असते. त्यानं कार्ड मिळत नाही. त्यासाठी रीतसर शिकावं लागतं. 'पाडी' या संस्थेचा अभ्यासक्रम दहाव्या वर्षापासून करता येतो. १०-११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरपर्यंतच जाता येतं, तेही मोठ्या माणसाबरोबर.

कार्ड सांगतं, तुम्ही शिकलात. पण शेवटची बुडी कधी मारलीत, हे सांगतं लॉगबुक. त्यात तारीख, जागा, खोली, वेळ आणि जोडीदाराची सही असते.

एवढी कटकट कशाला? ऐका. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं छातीभर हवा घेतलीत आणि घाबरून श्वास रोखून वर आलात, तर ती हवा दुपटीनं फुगू पाहते. फुप्फुस फाटू शकतं! म्हणून पहिला नियम : श्वास कधीही रोखायचा नाही. सराव सुटला, की नेमकं हेच विसरायला होतं.

म्हणून खंड पडला असेल तर सरळ सांगा. आधी उथळ पाण्यात उजळणी करून घेतील. त्यात कसला कमीपणा? जमिनीवर थाप पचेलही एखादवेळी. पाण्याखाली मात्र तुमच्याबरोबर जोडीदाराचाही जीव असतो, बरं का!