नकार ऐकणारा कॅमेरा

मास मीडियाच्या विद्यार्थ्यांना वर्षअखेरीला एक माहितीपट करायचा असतो. त्यांच्यातल्या एका गटाने विषय घेतला, मुलांना 'सरळ' करण्यासाठी भरणाऱ्या जंगल-शिबिरांचा. पोरगा मोबाइल सोडत नाही, उलट बोलतो, पाठवा पंधरा दिवस, अशा भरवशावर ही शिबिरं चालतात. चित्रीकरणासाठी त्यांनी मालगुंड निवडलं, कारण अशा शिबिराचा अनुभव सांगणारा तरुण या भागातला नव्हता आणि इथे त्याला कोणी ओळखण्याची शक्यता नव्हती. मार्गदर्शक म्हणून मी सोबत होते.

कवी केशवसुतांच्या स्मारकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका घराची पडवी मिळाली. समुद्रावरचा वारा वाढला की माइकमध्ये नुसता घोंघाट भरतो, म्हणून सकाळी लवकरच काम सुरू केलं. तो बोलू लागला. चौदाव्या वर्षी त्याला पाठवलं होतं. मोबाइल पहिल्याच दिवशी काढून घेतला. चूक झाली की रात्रीचं जेवण बंद. घरी लिहिलेली चिठ्ठी आधी शिबिरातले ताई-दादा वाचायचे. "डोंगर मला आवडला होता," तो म्हणाला. "रडलं की आणखी एक चढ चढवायचे, त्याची भीती बसली."

चेहरा दाखवायचा नाही हे आधीच ठरलं होतं. कॅमेरा हातांवर लावला. पहिलं फुटेज पाहताना आमच्या संकलक मुलीने ते थांबवलं. त्याच्या अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग होता. त्याच्या गावातल्या कुणीही तेवढ्यावरून त्याला ओळखलं असतं. मग तो भाग पाठमोरा, उजेडाकडे तोंड करून पुन्हा घेतला.

आवाजाचं काम त्याहून अवघड निघालं. यंत्राने आवाज जाड केला तर बोलणारा गुन्हेगार वाटू लागतो. शेवटी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने ते शब्द म्हटले. मूळ ध्वनिमुद्रण कानात लावून, तो जिथे थांबला तिथे तेवढंच थांबून. 'जेवण' या शब्दाआधीचा थांबा मुलांनी कितीतरी वेळा घोटवून घेतला.

संमती तीनदा घेतली: बोलण्याआधी, बोलून झाल्यावर आणि कच्चं संकलन दाखवून. तिसऱ्या वेळी त्याने वडिलांबद्दलचं एक वाक्य काढायला सांगितलं. दिग्दर्शक मुलाच्या मते ते माहितीपटातलं सगळ्यात जोरदार वाक्य होतं. पण त्याने वाद न घालता ते काढलं. मला या सगळ्या कामात हीच गोष्ट मोलाची वाटते. ज्याचा नकार एकदा तुडवला गेला, त्याच्यावर माहितीपट करताना तोच नकार पुन्हा तुडवायचा नसतो.

अमेरिकेत अशा शिबिरांच्या प्रकाराला 'वाइल्डरनेस थेरपी' असं भारदस्त नाव मिळालं आणि त्याचा मोठा धंदा झाला. पालकांच्या संमतीने, पैसे देऊन बोलावलेली माणसं मुलांना रात्री झोपेतून उठवून घेऊन जात. १९९० मध्ये युटाच्या वाळवंटात अशाच एका कार्यक्रमात १६ वर्षांची मुलगी उष्माघाताने गेली. २००७ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने छळाच्या हजारो तक्रारी असल्याचं संसदेला सांगितलं आणि १० मृत्यूंचा बारकाईने तपास मांडला. अशा संस्थांमधल्या बालछळाविरुद्धचा केंद्रीय कायदा मात्र डिसेंबर २०२४ मध्ये झाला.

आपल्याकडे २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. दोर, बोट, प्रशिक्षक यांची तपासणी हवीच. पण दोर मजबूत असला तरी मुलाला उपाशी ठेवता येतं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असं वागवणं हा गुन्हा आहे. हे शिबिर भरवणाऱ्यांना ठणकावून सांगायला हवं. अडचणीतलं मूल १०९८ वर फोन करू शकतं, पण त्यासाठी हाताशी फोन लागतो.

साहसाला माझा विरोध नाही. सह्याद्रीत चढून धापा टाकलेलं मूल आनंदाने घरी येतं, हे मी पाहिलं आहे. तिथे त्याला थांबायची मुभा असते. म्हणून पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. मूल रोज घरी बोलू शकेल का? जवळचा दवाखाना किती लांब आहे? आणि मध्येच 'मला घरी जायचंय' म्हणालं तर तुम्ही काय कराल? तिसऱ्याला 'सुरुवातीला सगळेच रडतात, मग रमतात' असं उत्तर आलं, तर मुलाला पाठवू नका.