पानात टाकलेले पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी आले. त्या उन्हाळ्यात लातूरकरांनी हंड्याहंड्याचा हिशेब ठेवला. परंतु पानात टाकलेल्या अन्नाबरोबरही पाणीच वाया जाते, हे सहसा ध्यानात येत नाही. एक किलो तांदळामागे सरासरी अडीच हजार लिटर पाणी खर्ची पडते. म्हणजे ती अख्खी पहिली खेप जेमतेम २०० किलो तांदळाची! लग्नाच्या मोठ्या पंगतीत एवढा तांदूळ सहज शिजतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घरांतूनच.

मराठवाड्यातील गृहिणींनी उपाय केव्हाच शोधले होते. शिळ्या भाकरीचे कुटके फोडणीला टाकावेत, पुरणाच्या डाळीच्या पाण्याची येळवणी करावी, हंगामातील भाज्या उन्हात वाळवून ठेवाव्यात. यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्येही गरीब-श्रीमंत एकाच रांगेत बसून साधे अन्न घेतात. हवे तितके मागून घ्यावे, ताटात मात्र टाकू नये, ही लंगरची रीत.

कंजूष माणूस दुसऱ्याला देताना हात आखडतो; काटकसरी माणूस स्वतःच्या पानाला माप लावतो. भूक ओळखून वाढून घ्यावे, उरलेले सकाळी वापरावे आणि पान स्वच्छ करून उठावे. समाधानाला याहून अधिक फारसे लागत नाही.