ताप उतरतो तेव्हा

बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गीतील आळंद या महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या तालुक्यांत जुनी माणसे ज्याला मुदतीचा ताप म्हणतात, तो टायफॉइड म्हणजे विषमज्वर बहुतेक वेळा औषधाने बरा होत असला, तरी मोजक्या रुग्णांना शस्त्रक्रिया लागते, आणि ही वेळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, घरच्यांची धास्ती ओसरू लागलेली असताना येते.

दूषित पाण्यातून वा अन्नातून शिरलेले साल्मोनेला टायफी हे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील पेयरच्या पुंजक्यांत, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या समूहांत, ठाण मांडतात. तेथील पेशी मरून व्रण पडतो, आणि तो खोल गेला की रक्तस्राव होतो किंवा आतड्याला भोक पडून आतील घाण उदरपोकळीत सांडते. मग पोट एकाएकी दुखून फळीसारखे ताठते व नाडी धावू लागते. ताप मात्र कधीकधी याच सुमारास झपाट्याने उतरतो आणि फसगत होते ती इथेच. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाखाली हवेची कोर दिसली तर निदान सोपे होते, पण ती दिसली नाही म्हणून भोक नाहीच असे म्हणता येत नाही. पोट उघडून, धुऊन भोक शिवणे, भोके अनेक असल्यास तेवढे आतडे कापून काढणे, आणि टाके टिकण्याचा भरवसा नसेल तर आतड्याचे तोंड काही काळ पोटावर आणणे, हे त्यावरचे उपाय होत. यात उशीर जिवावर बेततो. म्हणून रुग्णाला बिदरच्या ब्रिम्स या सरकारी रुग्णालयात न्यावे, कलबुर्गीच्या जिम्स या तशाच रुग्णालयात, की सीमेपलीकडे उदगीर-लातूरला, हा प्रश्न भाषेचा वा राज्याचा नसून निव्वळ अंतराचा ठरतो.

याहून विरळ असतात ते प्लीहेतील गळू, हाडांतील पू आणि खडा नसतानाही सुजून क्वचित फुटणारे पित्ताशय. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम कीन यांनी 1898 मध्ये अशा गुंतागुंतींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. 1948 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक उपयोगात आल्यावर त्या कमी झाल्या, मात्र पुढे जंतूच या औषधाला जुमानेनासे झाले.

पित्ताशयाची कथा रोग बरा झाल्यावरही संपत नाही, कारण पित्तखड्यांवर थर करून राहिलेले जंतू वर्षानुवर्षे विष्ठेतून बाहेर पडतात आणि स्वतः ठणठणीत असलेला माणूस इतरांना रोग देत राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती; पित्ताशय काढण्याचा डॉक्टरांचा सल्ला तिने नाकारला, आणि 1915 पासून 1938 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला विलगीकरणात ठेवण्यात आले.