सर्वांत उदास गाव कुठलं? माझं मत केजीएफला

उदास करणाऱ्या गावांचा विषय निघाला की धनुष्कोडीचं नाव हमखास येतं. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने ते गाव उद्ध्वस्त केलं, भरलेली रेल्वेगाडी समुद्राने गिळली. पण तिथे आज अवशेष आहेत, पर्यटक आहेत आणि दोन्ही बाजूंना निळं पाणी.

माझ्या मते खरी उदासी कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सची, म्हणजेच केजीएफची. इथल्या खाणी तीन किलोमीटरहून खोल, जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी. त्यांच्यासाठी १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आणली गेली, तीही बंगळुरूला मिळण्याआधी! शंभराहून अधिक वर्षं सोनं निघालं. मग उत्पादन परवडेना आणि २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद झाल्या.

गाव मात्र उठून गेलं नाही, म्हणून ते जास्त लागतं. खाणकामगारांची, बहुतांशी तमिळ, कुटुंबं तिथेच राहिली. शेजारी सायनाइड वापरून सोनं काढल्यावर उरलेल्या गाळाचे प्रचंड ढिगारे आहेत. वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीत शिरते. कामासाठी कित्येक जण पहाटेच्या लोकलने बंगळुरू गाठतात.

‘केजीएफ’ सिनेमा पाहून इथे जाणार असाल तर मारिकुप्पम स्टेशनला उतरा आणि जुन्या कामगारांशी जरूर बोला.