जुन्या कॅबिनेटमध्ये नवा एसएमपीएस

विंचूरसारख्या बाजाराच्या गावात पतसंस्था, शाळा, छापखाने यांच्याकडे पहिले संगणक साधारण १९९५ ते २००५ या काळात आले. त्यांतले काही अजून माळ्यावर किंवा टेबलाखाली पडून आहेत. बटण दाबले की काहीच होत नाही, म्हणून ‘मशीन गेले’ असा निकाल लागतो आणि दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारात जाते. यांतल्या कित्येक यंत्रांत बिघडलेला भाग एकच असतो : कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बसवलेला, पंखा असलेला लोखंडी डबा. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज तयार करणे हे त्याचे काम. त्याच्या आतले कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातात. त्यात बाजारगावातला धुरळा आणि भारनियमनाच्या काळातली विजेची ये-जा यांची भर पडली की तो लवकर मान टाकतो.

हा डबा बदलण्याचा खटाटोप कशासाठी, असे साहित्याचा वाचक विचारील. त्याचे उत्तर मराठी मजकुरात आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आपली पुस्तके आणि दिवाळी अंक खिळ्यांवरून डीटीपीवर आले. संगणकावर भारतीय लिप्या कशा साठवाव्यात याचे ‘इस्की’ हे प्रमाण भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ठरवले होते. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. छपाईत मात्र श्री-लिपी, आकृती यांसारखी पॅकेजे चालली आणि त्यांच्या फाँटांत अक्षरांना आपापले क्रमांक होते. त्यामुळे एका फाँटमधला ‘क’ दुसऱ्या फाँटमध्ये भलतेच चिन्ह होऊन उमटतो. शिवाय अनेक पॅकेजांबरोबर प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायचे हार्डवेअर लॉक येई. ते नसेल तर पॅकेज चालत नसे. आजच्या संगणकाला बहुधा तो पोर्टच नसतो.

जुनी हार्ड डिस्क काढून यूएसबी कन्व्हर्टरने नव्या संगणकाला जोडता येते आणि फाइली उतरवता येतात. ते काम सर्वांत आधी करावे. पण उतरवलेली पेजमेकरची फाइल जशीच्या तशी उघडायची तर ते पॅकेज, तो फाँट आणि ते लॉक एकत्र असलेले यंत्र लागते. एखाद्या लेखकाचा अप्रकाशित मजकूर किंवा बंद पडलेल्या नियतकालिकाची पाने केवळ अशा एकाच यंत्रात असू शकतात. म्हणून ते सुरू करायचे.

सुदैवाने डब्याच्या मापाबाबत फाँटांसारखा गोंधळ झाला नाही. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे प्रमाण जाहीर केले. त्यानुसार रूढ झालेला डबा १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि १४० खोल असतो. त्याआधीच्या छोट्या एटी कॅबिनेटमध्येही हाच आकार वापरात होता. मागच्या पत्र्यावर चार स्क्रू असतात आणि त्यांतले एक छिद्र मुद्दाम थोडे सरकवलेले असते, म्हणजे डबा उलटा बसवला की ते जुळत नाही. आज दुकानातून आणलेला साधा एटीएक्स एसएमपीएस १९९८ च्या बहुतेक कॅबिनेटमध्ये बसतो तो यामुळे. काही मोठ्या ब्रँडांच्या यंत्रांत डब्याचा आकार निराळा असतो; काहींत तर प्लग तसाच, पण वायरींचा क्रम वेगळा असतो. तिथे जुन्या आणि नव्या प्लगमधल्या वायरींचे रंग शेजारी ठेवून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरेदीपूर्वी खोली मोजावी. जास्त वॉटचे नवे डबे १६० मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये समोरून आलेल्या सीडी ड्राइव्हला अडतात. पंख्याची जागाही बदलली आहे. जुन्या डब्यात ८० मिलिमीटरचा पंखा मागच्या पत्र्यावर असे. नव्यात १२० मिलिमीटरचा पंखा खालच्या अंगाला असतो. डब्याखाली आधाराची सलग पट्टी असेल, किंवा डबा मदरबोर्डला चिकटून उभा बसत असेल, तर पंख्याचे तोंड झाकले जाते. अशा कॅबिनेटसाठी मागे पंखा असलेलाच डबा शोधावा.

पुढचा प्रश्न प्लगांचा. जुन्या मदरबोर्डचा मुख्य सॉकेट २० पिनांचा आहे. २००३ पासून तो २४ पिनांचा झाला. नव्या डब्याच्या प्लगमधला ४ पिनांचा तुकडा बहुधा सुटा होतो. तो बाजूला ठेवून उरलेला २० पिनांचा भाग लावायचा. हा सुटा तुकडा आणि प्रोसेसरसाठीचा ४ पिनांचा चौकोनी प्लग दिसायला सारखे असतात. त्यांची अदलाबदल करू नये. पेंटियम ४ च्या आधीच्या बोर्डांना तो चौकोनी प्लग लागतच नाही. जुन्या हार्ड डिस्कला ४ पिनांचा मोठा प्लग लागतो. नव्या डब्यांत तो कमी झाला आहे आणि फ्लॉपीचा लहान प्लग तर सहसा नसतोच, म्हणून जोडवायर बरोबरच घ्यावी.

डब्यावरचा वॉटचा मोठा आकडा पाहून भुलू नये. पेंटियम ३ च्या काळातले बरेच बोर्ड प्रोसेसरची वीज ५ व्होल्टच्या वायरीतून घेत. आजचे बोर्ड ती १२ व्होल्टच्या वायरीतून घेतात. त्यामुळे जुन्या ३०० वॉटच्या डब्यावर ५ व्होल्टपुढे ३० अँपिअर लिहिलेले आढळते, तर नव्या ४५० वॉटच्या डब्यावर अनेकदा १५ ते २० च असते. लेबलवरचा हा आकडा जुन्या डब्याशी ताडून पाहावा. उणे ५ व्होल्टची पांढरी वायर नव्या डब्यात नसते. तिचा उपयोग मुख्यतः जुन्या आयएसए स्लॉटमधल्या कार्डांना होई. असे कार्ड असेल तर त्याच्या सोनेरी दातांतला ‘बी-५’ क्रमांकाचा दात पाहावा. तो नसेल तर कार्डाला त्या वायरीची गरज नाही.

त्याहून जुन्या एटी यंत्राची गोष्ट निराळी. त्यात मदरबोर्डला पी-८ आणि पी-९ असे दोन प्लग शेजारी बसतात. काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलट लावल्यास बोर्ड जळतो. समोरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वायर आलेली असते. एटीएक्समध्ये बटण फक्त सूचना देते, आणि यंत्र बंद असतानाही जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट असतात. एटी बोर्डाला नवा डबा जोडण्याची जोडवायर मिळते, पण जुने बटण आणि त्याची २३० व्होल्टची वायर पूर्ण काढून टाकावी.

नवा डबा बसवण्याआधी टेबलावरच तपासून घ्यावा. मुख्य प्लगमधली हिरवी आणि एक काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली की पंखा फिरतो. मग मल्टिमीटरने काळ्या वायरीच्या तुलनेत पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. मागे ११५/२३० चा लाल खटका असेल तर तो २३० वर आहे ना, हे प्लग लावण्यापूर्वी पाहावे. डबा उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही असे समजावे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले लहान कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसल्यास पत्र्यावर निम्म्या दाबाची वीज तरंगत राहते. नवा डबा बसवूनही हे थांबत नाही. थांबते ते तीन पिनांच्या सॉकेटला खरी अर्थिंग मिळाल्यावर.

यंत्र सुरू झाले की त्यावर नवे काम करत बसू नये. प्रत्येक फाइल तिच्या मूळ फाँटमध्ये उघडून छपाईप्रत किंवा पीडीएफ काढावी, फाँटचे नेमके नाव टिपून ठेवावे आणि कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, म्हणून छापील प्रतीशी ताडून मुद्रितशोधन करावे लागते. एवढे होईपर्यंत तो डबा चालला, तर त्याची किंमत वसूल झाली.