मोबाईलच्या बॅटरीची काटकसर

खरीप हंगामात शेतकऱ्याच्या हाताशी जी अवजारे असावी लागतात, त्यांत आता मोबाईल फोनचीही गणना करणे प्राप्त आहे. पिकाची नोंद, हवामानाचा सल्ला, विजांचा इशारा, बाजारभावाची चौकशी आणि संकटसमयी मदतीची हाक, ही सर्व कामे या एका यंत्रावर येऊन ठेपली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घेणे हे शेतकऱ्याचेच काम झाले. बांधावर पोचल्यावर फोन बंद पडला, तर पाहणी राहते आणि एक खेप वाया जाते. ते नुकसान एक वेळ भरून काढता येईल. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टी होऊन हसनाळ, रावणगाव इत्यादी गावे पाण्याने वेढली गेली. तशा रात्री फोन बंद असणे म्हणजे जिवाशी गाठ होय. म्हणून बॅटरीतील वीज कोठे खर्च होते आणि ती कशी राखावी, हे प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

साठा किती असतो?

अलीकडच्या पुष्कळशा स्मार्टफोनच्या बॅटरीवर ५००० एमएएच असा आकडा असतो. बॅटरीचा दाब सरासरी ३.८५ व्होल्ट धरल्यास हा साठा सुमारे १९ वॅट-तास होतो. एवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम दोन तास जळेल. चार्जरमध्ये होणारा अपव्यय धरूनही एक युनिट विजेत असा फोन सुमारे चाळीस वेळा भरता येईल. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, ही काटकसर वीजबिलासाठी करावयाची नाही. दुसरी, साठा मुळात लहान आहे आणि गावची वीज गेली की तो पुन्हा भरता येत नाही. तेव्हा वैशाखातील विहिरीचे पाणी आपण ज्या बेताने वापरतो, त्याच बेताने तो वापरला पाहिजे. पाटाची गळती आधी बुजवावी आणि मग पाणी द्यावे, हाच न्याय येथे लागू पडतो.

खर्चाच्या तीन वाटा

पहिली वाट स्क्रीनची. भर उन्हात अक्षरे दिसावीत म्हणून उजेड पूर्ण वाढवला जातो व सावलीत आल्यावर तो तसाच राहतो. उजेड आवश्यक तेवढाच ठेवावा आणि स्क्रीन तीस सेकंदांत आपोआप बंद होईल अशी योजना सेटिंग्जमध्ये करून घ्यावी. काळ्या पार्श्वभूमीमुळे वीज वाचते असे सांगतात. ते ज्या फोनची स्क्रीन ओएलईडी प्रकारची आहे, त्यांच्यापुरतेच खरे आहे. एलसीडी स्क्रीनमागील दिवा काळ्या रंगातही जळतच राहतो.

दुसरी वाट रेंजची. टॉवर जवळ असला म्हणजे फोन हळू बोलतो व दूर असला म्हणजे त्याला ओरडावे लागते. किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात किंवा बालाघाटच्या खोलगट भागात न हाताळलेला फोनही लवकर उतरतो, त्याचे कारण हेच होय. जेथे रेंज मुळीच नाही, तेथे फोन सारखा टॉवर शोधीत राहतो. अशा ठिकाणी फ्लाइट मोड सुरू करावा. ५जीची रेंज अस्थिर असेल, तर फोन ४जीवर स्थिर करावा. इंटरनेट दुसऱ्यास पुरविणारा हॉटस्पॉट हा मोठा खर्च आहे, काम होताच तो बंद करावा. घरी किंवा कार्यालयात वायफाय असल्यास तेच वापरावे, कारण कमजोर रेंजमधील मोबाईल डेटापेक्षा त्यास कमी वीज लागते. ब्लूटूथचा खर्च त्या मानाने अल्प आहे, तरी गरज नसता तेही चालू ठेवू नये.

तिसरी वाट ठिकाणाच्या शोधाची, म्हणजे लोकेशनची. नकाशावर रस्ता पाहत जाताना स्क्रीन, डेटा व लोकेशन अशी तिन्ही कामे एकदम चालतात. ई-पीक पाहणीसाठी लोकेशन लागतेच. ते शेतात पोचल्यावर सुरू करावे, थोडा वेळ मोकळ्या आकाशाखाली थांबावे आणि मग छायाचित्र घ्यावे.

उघडलेली अ‍ॅप वारंवार पुसून टाकल्याने वीज वाचते, हा समज मात्र चुकीचा आहे. रोजचे अ‍ॅप नव्याने उघडण्यास पुष्कळदा अधिकच वीज लागते.

विजांच्या दिवसांत दक्षता

काटकसर करताना इशाराच बंद होणार नाही, हे पाहिले पाहिजे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' अ‍ॅप आसपासच्या २० व ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते. त्यास इंटरनेट व लोकेशन दोन्ही लागतात. फ्लाइट मोडमध्ये ते निरुपयोगी ठरते आणि बॅटरी सेव्हर सुरू असता त्याची सूचना अडू शकते. यास्तव बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये 'दामिनी'वरील निर्बंध काढून टाकावेत आणि आभाळ भरून आले असता काटकसर स्क्रीनवर करावी, इशाऱ्यावर करू नये.

मोबाईल वीज ओढून घेतो, असे खेड्यांत अनेकांस वाटते. त्यास आधार नाही. धोका आहे तो तारेचा. गडगडाट चालू असता चार्जरला लावलेला फोन हाताळू नये, कारण विजेचा दाब तारांतून घरात येऊ शकतो. झाडाखाली आसरा घेणे तर कटाक्षाने टाळावे.

पुराच्या रात्री

पाऊस वाढतो आहे असे दिसताच घरातील सर्व फोन व पॉवर बँक भरून ठेवाव्यात. वीज गेल्यानंतर एक फोन बंद करून राखीव ठेवावा. दुसऱ्याचा उजेड कमी करून बॅटरी सेव्हर सुरू करावा. साठा तिसऱ्या हिश्श्यावर आला की मोबाईल डेटा बंद करावा. डेटा बंद केला तरी फोन लागतो, एसएमएस येतो आणि ११२ क्रमांकावर मदत मागता येते. लांबलचक बोलण्याऐवजी थोडक्यात एसएमएस करावा. फोनचा दिवा जाळू नये, त्यासाठी वेगळी विजेरी ठेवावी. फ्लाइट मोड हा अखेरचा उपाय समजावा, कारण त्यात आपला शोध घेणाऱ्याचा फोन आपल्याला लागणार नाही. तो सुरू करणे भागच पडले, तर दर तासाच्या आरंभी पाच मिनिटे फोन मोकळा करू, असे नातेवाइकांस आधी कळवावे. भिजलेला फोन चार्जरला लावू नये.

बॅटरीचे आयुष्य

नांदेड व लातूर भागातील उन्हाळा बॅटरीस मानवत नाही. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंश सेल्सिअसच्या वर भरू नये असा सामान्य दंडक आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा पंपाच्या पेटीवर उन्हात ठेवलेला फोन त्याहून सहज अधिक तापतो. तो आधी सावलीत निववावा, मग चार्ज करावा. नित्याच्या वापरात साठा २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखल्यास बॅटरी अधिक काळ टिकते. पावसाळी संकटाच्या दिवसांत मात्र ती पूर्ण भरून ठेवणेच शहाणपणाचे. फुगलेली बॅटरी त्वरित बदलून घ्यावी.

प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे केवळ सांगू नये, करून दाखवावे. एका रात्री डेटा, वायफाय, ब्लूटूथ व लोकेशन चालू ठेवून निजताना व उठताना टक्केवारी लिहून ठेवावी. दुसऱ्या रात्री त्याच जागी, त्याच वेळी हे चारही बंद ठेवून, परंतु फोन लागेल अशा बेताने, पुन्हा नोंद करावी. दोन्ही आकडे शेतकऱ्यांपुढे मांडावेत. बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये कोणते अ‍ॅप किती वीज खाते याची यादीही मिळते, ती उघडून दाखवावी. स्वतःच्या फोनवर पाहिलेला फरक शेतकरी विसरत नाही.

पेरणीपूर्वी आपण बियाणे पारखतो, अवजारे दुरुस्त करतो. त्याच वेळी घरातील प्रत्येक फोनची ही तयारीही करून घ्यावी. ऐन वेळी लागणारी हाक त्यावरच अवलंबून आहे.